खर्जाची जागा

"अहो, जरा कमी करा ना ते. इथे बरण्या वाजतायत."

स्वयंपाकघरातून हे वाक्य आलं तेव्हा मी हॉलमध्ये सोफ्यावर अगदी मधोमध बसून सबवुफरची, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या खोक्याची, पातळी आणखी दोन डेसिबलनं वाढवत होतो. कारण मला काही ऐकूच येत नव्हतं. पडद्यावर अख्खा पूल कोसळत होता आणि माझ्यापर्यंत पोचत होता तो रिकामा पत्र्याचा डबा गडगडल्यासारखा आवाज. मधे एक भिंत, एक दार, त्यापलीकडच्या बरण्या थरथरतायत. आणि सबवुफरपासून तीन मीटरवर बसलेला मी कोरडाच. खरं तर दोषाचं निदान त्या एका वाक्यात झालेलं होतं. मला ती नेहमीची तक्रार वाटली. पुढचे सात महिने मी भलत्याच गोष्टी दुरुस्त करत बसलो.

पहिला संशय अर्थातच खोक्यावर. बारा इंची स्पीकर, पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर, मागे चार खुंट्या. टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलो, जाळी काढली आणि पूल पुन्हा कोसळवत स्पीकरच्या पडद्यावर बोटांची टोकं टेकवली. हलत होता. चांगला सेंटिमीटरभर आतबाहेर, धापा टाकल्यासारखा. मग सगळं बंद करून दोन्ही तळवे समोरासमोर ठेवले आणि पडदा हळूच, सरळ आत दाबला. व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) जळून फुगली असेल किंवा तिरकी बसली असेल तर अशा वेळी वाळू चिरडल्यासारखी खरखर हाताला लागते. तसं काही नाही. कडेचं रबर शाबूत. (जुन्या स्पीकरांना कडेला फोम असायचा, तो काही वर्षांनी नुसता हात लावला तरी भुगा होऊन पडतो. त्या बिचाऱ्यांचा आवाज गेला असं आपण म्हणतो, खरं तर त्यांची कड गेलेली असते.)

खोकं निर्दोष निघाल्यावर केबल. नवी, लांब केबल आणली, सबवुफर ऐसपैस दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटला जोडला, आणि आता खर्ज नाही तो नाहीच, वर एक अखंड 'हूंऽऽ' सुरू झालं. ते शोधायला सोपं असतं. सबवुफरच्या मागची केबल उपसायची. हूं थांबलं, म्हणजे दोष खोक्यात नाही, जोडणीत आहे. दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या सॉकेटांवर असली की अर्थिंगच्या तारा आणि केबलचं वेटोळं मिळून एक बंद फेरा तयार होतो, त्यात वीजपुरवठ्याची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण फिरत राहते आणि सबवुफर ती इमानेइतबारे मोठी करून ऐकवतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले, थांबलं. एका जाणकारानं अर्थिंगची पिनच काढून टाकायला सांगितलं होतं. हूं त्यानंही थांबतं. पण ती पिन आवाजासाठी दिलेली नसते, जिवासाठी दिलेली असते. त्या सल्ल्याचा मला अजून राग येतो.

मग लक्षात आलं, की दुपारी थोडातरी खर्ज असतो, रात्री अजिबातच नसतो. मुलगी झोपल्यावर आवाज कमी ठेवून बघायला बसलो की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर पार शुकशुकाट. एका रात्री अंधारात नजर गेली तर मागचा दिवा हिरव्याचा लाल झालेला. महाशय झोपले होते! सबवुफरच्या पाठीवर 'ऑटो' नावाची एक कळ असते. सिग्नल आला तर जागं व्हायचं, बराच वेळ आला नाही तर झोपायचं. माझ्याकडून सिग्नल जात होता, पण इतका क्षीण की त्याला तो सिग्नल वाटतच नव्हता. याचं कारणही मीच. सबवुफरची व्हॉल्यूमची खुंटी मी हौसेनं जवळपास टोकापर्यंत फिरवून ठेवली होती. रिसीव्हरनं (टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून देणारं यंत्र) आपला छोटा माइक लावून मोजमाप केलं तेव्हा त्याला तो फार मोठा वाटला, म्हणून त्यानं आपल्या बाजूनं पातळी उणे 11 डेसिबलवर नेली. एक ओरडून बोलतोय आणि दुसरा त्याच्या तोंडावर हात दाबून बसलाय, असा संसार. खुंटी अर्ध्याच्या खाली आणली, मोजमाप पुन्हा केलं, रिसीव्हर उणे 3 वर आला. त्यानंतर सबवुफर रात्री झोपला नाही.

तरी रात्रीचा खर्ज कमीच वाटायचा, आणि त्यात यंत्राचा दोष नाही हे मला फार उशिरा कळलं. आपला कान खालच्या सुरांना मुळातच बधिर आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्येच हे मोजून मांडलं होतं. हजार हर्ट्झचा बारीक आवाज दोन-तीन डेसिबललाही ऐकू येतो. 40 हर्ट्झचा ऐकू यायला सुमारे 50 डेसिबल लागतात आणि 20 हर्ट्झचा तर सुमारे 78. म्हणजे आवाज कमी करत गेलं की सगळे सूर सारखे मागे सरत नाहीत. खर्ज सगळ्यात आधी उंबरठ्याबाहेर पडतो. रिसीव्हरमध्ये यावर तोड असते, कमी आवाजात खालचं थोडं उचलून धरणारी. ती मी 'कृत्रिम' म्हणून बाणेदारपणे बंद ठेवली होती. शुद्धतेचं वेड हा एक वेगळाच आजार आहे.

सेटिंगांची यादी देत बसत नाही, पण दोन चुका अशा होत्या की आठवल्या तरी कान गरम होतात. एक, टीव्हीतून आवाज 'पीसीएम स्टीरिओ' म्हणून, म्हणजे फक्त दोन वाटांनी, बाहेर पडत होता. सिनेमाचा 5.1 आवाज म्हणजे पाच पूर्ण वाटा आणि एक अरुंद; त्यातला जो पॉइंट वन असतो, म्हणजे एलएफई (लो फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स), तो खास गडगडाटासाठी राखलेला, 120 हर्ट्झपर्यंतच जाणारा अरुंद मार्ग; बाकीच्या वाटांपेक्षा त्याला 10 डेसिबल जास्त मोकळीक दिलेली असते. सहा वाटांच्या दोन करताना हा मार्ग बहुतेक वेळा सरळ गाळून टाकतात. म्हणजे पूल कोसळण्याचा खरा आवाज टीव्हीपाशीच संपत होता आणि मी स्पीकरला दोष देत होतो. दुसरी चूक: पुढच्या स्पीकरांना मी रिसीव्हरमध्ये 'लार्ज' म्हटलं होतं, कारण ते दिसायला उंचेपुरे आहेत. 'लार्ज' म्हटलं की रिसीव्हर त्यांचा खर्ज त्यांच्याकडेच ठेवतो, सबवुफरकडे पाठवतच नाही. 'स्मॉल' म्हटलं, 80 हर्ट्झला सीमा आखली, सबवुफरच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची, म्हणजे तशीच सीमा आखणारी, खुंटी टोकाला नेऊन ठेवली (नाहीतर एकाच पाण्याला दोन गाळण्या लागतात), आणि गाण्यांत पहिल्यांदा काहीतरी अंग आलं. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा आला. पण विचित्र. काही घाव भरदार, काही नुसते पोकळ. एखादा सूर दणकन वाजायचा आणि त्याच्या खालचा गायब. खर्ज एकाच वेळी कमीही होता आणि जास्तही.

या टप्प्यावर समजूतदार माणूस थांबतो. मी इंटरनेटवरून टोन जनरेटर उतरवून घेतला.

एका रविवारी घरी कुणी नव्हतं. 20 हर्ट्झपासून सुरुवात करून एकेक हर्ट्झ वर सरकत गेलो. तिशीच्या आसपास खिडकीची काच बोलायला लागली, पण सोफ्यावर मला ऐकू येईना. 34 वर थांबलो. दरवाज्याची कडी किणकिणत होती. माझ्या कानात जवळपास काही नाही. पाणी आणायला म्हणून उठलो, स्वयंपाकघराच्या दिशेनं तीन पावलं टाकली आणि छातीत काहीतरी भरून आलं. अक्षरशः. एक गोल, जड, संथ दाब. मागच्या भिंतीला टेकलो तर तो इतका, की गिळताना घसा थरथरला. परत सोफ्याकडे पावलागणिक विरत विरत गेला. सोफ्यावर बसलो, संपला. पुढे टीव्हीकडे गेलो, पुन्हा भरती. अर्धा तास मी त्या खोलीत नुसता येरझारा घालत होतो, तोंड उघडं ठेवून. खोलीच्या बरोबर मध्यातून एक अदृश्य पट्टा आडवा गेला होता, जेमतेम हातभर रुंद, आणि त्या पट्ट्यात आवाज नव्हता. आणि त्याच पट्ट्यावर मी टेप लावून, दोन्ही बाजूंचं अंतर सेंटिमीटरपर्यंत जुळवून, सोफा ठेवला होता. उत्तम जागा म्हणून.

गणित चौथी-पाचवीतलं निघालं. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर. आमची खोली पाच मीटर लांब. वेगाला लांबीच्या दुपटीनं भागलं की 34.3. या सुराची अर्धी लाट दोन भिंतींच्या मधे नेमकी बसते. परातीत पाणी घेऊन चाललं की ते कसं हिंदकळतं: या कडेला चढतं तेव्हा त्या कडेला उतरतं, मग उलट. मधलं पाणी मात्र आपल्या पातळीवर बसून असतं. खोलीतली हवाही तशीच हिंदकळते. भिंतींपाशी दाब चढतो-उतरतो, मधोमध काही होत नाही. त्याच्या दुप्पट सुराला, 68 च्या आसपास, चित्र उलटं. तिथे मध्यावर दाब सगळ्यात जास्त. म्हणून मला एक सूर गायब आणि एक दणकन. आडवी खोली 3.6 मीटर, तिचा स्वतःचा सूर 47 ते 48, आणि सोफ्यावरची मधली जागा त्याच्याही खड्ड्यात. मुलगी नेहमी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची आणि म्हणायची, "बाबा, मला तर येतोय आवाज." मी तिला सांगायचो की तू लहान आहेस.

आता वाटेल, मग 34 हर्ट्झ वाढव ना. वाढवला. रिसीव्हरच्या इक्वलायझरमध्ये (एकेक सूर वेगळा वर-खाली करायची सोय) तो सूर 10 डेसिबलनं उचलला. 10 डेसिबल हा आकडा दिसायला गरीब आहे, अ‍ॅम्प्लिफायरला त्यासाठी दहापट शक्ती ओतावी लागते. शिवाय तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट हलावं लागतं. माझ्या पडद्याच्या धापा कुठून येत होत्या ते आता कळत होतं. आणि एवढं करून खड्डा भरला नाही. भरणारच नव्हता. भिंतीकडून येणारी लाट आणि सबवुफरकडून जाणारी लाट तिथे एकमेकींना मारतात. एकीला दहापट बळ दिलं की दुसरीलाही तेवढंच मिळतं, आणि बाकी पुन्हा शून्य. फक्त स्वयंपाकघरातल्या बरण्या जास्त वाजल्या. उंचवटे कापता येतात, खड्डे भरता येत नाहीत.

मग ती प्रसिद्ध रांगायची युक्ती. सबवुफर उचलून सोफ्यावर आपल्या जागी बसवायचा, ओळखीचं खर्जाचं गाणं फिरतं ठेवायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं, कान सबवुफरच्या उंचीवर राहतील असं, गुडघ्यांवर रांगत जायचं. जिथे खर्ज सगळ्यात सपाट, स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवुफर ठेवायचा. ऐकणारा आणि वाजणारा यांनी जागा बदलल्या तरी दोघांमधला आवाजाचा व्यवहार तोच राहतो, या तत्त्वावर हे चालतं. मी 34 हर्ट्झ लावून रांगलो. टीव्हीखाली नाही. कोपऱ्यात नाही. पडद्यामागे नाही. मागच्या भिंतीला, जिथे त्या रविवारी घसा थरथरला होता, तिथेही नाही. मुलगी दारात उभी राहून मोबाइलवर चित्रण करत होती, आणि ते अजून तिच्याकडे आहे.

गालिच्यावर बसून मी सोफ्यावर विराजमान झालेल्या त्या काळ्या खोक्याकडे बघत राहिलो. ते माझ्या जागेवर होतं आणि त्याला अख्ख्या खोलीत कुठेही 34 हर्ट्झ पोचवता येत नव्हतं. माझ्यासारखंच. खड्ड्यात बसलेल्याला ऐकू येत नाही, आणि खड्ड्यात बसून बोललेलंही कुणाला ऐकू जात नाही. सात महिने मी खोकं, केबल, खुंट्या, आकडे सगळं हलवून बघितलं होतं. हलायला हवा होता सोफा.

"मागे? किती मागे?" बायको.

"साठ सेंटिमीटर."

"मग जायला यायला वाट राहील का?"

"तिरकं जावं लागेल."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि बरण्या?"

तेव्हा कुठे मला ते पहिलं वाक्य आठवलं.

सोफा पुढच्या भिंतीपासून तीन मीटरच्या थोडा पुढे गेला. पुन्हा रांगलो, या वेळी दार लावून. सबवुफर कोपरा सोडून पुढच्या भिंतीच्या साधारण मध्यावर, टीव्हीच्या खाली आला. रुंदीच्या मध्यावर ठेवलेला सबवुफर 48 चा तो आडवा हिंदोळा सुरूच करत नाही. कुणाच्या वाट्याला खड्डाही नाही आणि डोंगरही नाही. कोपऱ्यात ठेवल्यावर जो फुकटचा जोर मिळतो तो गेला, पण त्या जोरातलं निम्मं मला नको असलेलंच होतं. 68 ची उरलेली फुगवटी इक्वलायझरमध्ये चार डेसिबलनं कापली.

एक चूक मात्र उरली होती आणि तिचा मला विशेष अभिमान होता. रिसीव्हरनं स्वतः मोजून सबवुफरचं अंतर साडेचार मीटर दाखवलं होतं. प्रत्यक्षात तीन. मी टेप लावून ते 'सुधारलं' होतं. नंतर कळलं, ते अंतर टेपचं नसतंच, वेळेचं असतं. सबवुफरच्या पोटातल्या गाळण्यांतून सिग्नल जरा उशिरा बाहेर पडतो आणि रिसीव्हर तो उशीर मीटरमध्ये सांगतो. दीड मीटर म्हणजे जेमतेम साडेचार मिलिसेकंद, पण 80 हर्ट्झचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं. तिसरा हिस्सा चुकला तर सबवुफर आणि पुढचे स्पीकर सीमेवरच एकमेकांच्या पायात पाय घालतात. 80 हर्ट्झचा सूर दोघांकडून एकदम वाजवला, फेजची कळ (लाट सरळ पाठवायची की उलटी ते ठरवणारी) शून्यावर आणि 180 वर टाकून बघितली, मग अंतर थोडं थोडं बदलत जिथे आवाज सगळ्यात भरला तिथे थांबलो. साडेचारच्या आसपासच भरला. यंत्रानं काही म्हटलं नाही.

राहिली होती ती किणकिण. 20 ते 120 अशी संथ चढण लावली आणि मी आणि मुलगी खोलीभर हात लावत फिरलो. फोटोची चौकट 43 ला. खिडकीची काच 61 ला, तिथे कागदाची घडी. दाराच्या कडीला रबराचा तुकडा. एक बारीक खणखण मात्र कुठे केल्या सापडेना. प्रत्येक वस्तूवर हात ठेवून झाला तरी चालूच. शेवटी मुलीनं रिसीव्हरच्या कपाटाच्या वरच्या फळीवर हात फिरवला आणि टॉर्च काढून दाखवली. पहिल्या रात्री मीच ठेवलेली.

पंधरवड्यानं खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. "तुमचं ते बिघडलंय का? बरेच दिवस काही ऐकू आलं नाही." मी आठ डेसिबल खाली आलो होतो, आणि एवढ्यातच पोट भरत होतं. सात महिने माझ्या वाटणीचा खर्ज काका ऐकत होते.

सोफ्याच्या जुन्या पायांच्या चार खळ्या गालिच्यावर अजून आहेत. व्हॅक्यूम फिरवला तरी जात नाहीत. घरात कुणी नसलं की मी कधी कधी 34 हर्ट्झ लावतो आणि त्या चार खळ्यांच्या मधे जाऊन उभा राहतो. कडी किणकिणत नाही आता, खिडकीही गप्प. मी एक पाऊल मागे टाकतो, येतो. एक पाऊल पुढे, जातो.